कमळगड: विहीर आहे, पाणी नाही

‘गडावर विहीर आहे, पाण्याची काळजी नको,’ असं वाई भागात कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि माणशी तीन लिटर पाणी पाठीवर घ्या. वासोळ्याहून चढ, रान, गोरखनाथाचं देऊळ, सगळं नीट आहे. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

फसगत माथ्यावर होते. कावेच्या, म्हणजे गेरूच्या, विहिरीत पन्नासेक पायऱ्या उतरायच्या. वाट अरुंद, ओल असली की पाय सटकतो. तळाशी काय, तर तांबड्या भिंती आणि गारवा. रिकामी बाटली घेऊन परत तेवढंच वर.

कारण त्या तांबड्या रंगातच आहे. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरावर थर. दोन थरांच्या मधल्या काळात खालच्याचा माथा कुजून माती झाली, पुढच्या लाव्हाने ती भाजली. हाच गेरू. तो ओल धरतो, पण पाणी सोडत नाही. वरच्या भेगाळ कातळातून मुरलेलं पाणी त्यावर अडतं, कलेल तिकडे आडवं सरकतं आणि डोंगराच्या अंगाला तो थर उघडा पडला की झरा होऊन बाहेर येतं. म्हणजे पाणी गेरूच्या डोक्यावर असतं, पोटात नाही. विहीर उतरते ती पोटात. शिवाय वर माथा तीन-चार एकरांचा. पाऊस मुरणार कुठे?

समोरच्या महाबळेश्वराशी तुलना करू नका. तिथे वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तो पिणारा स्पंजासारखा जांभा, तोही पठारभर. तिथल्या पंचगंगा मंदिरातलं पाणी त्या जोरावर आहे.

झरा शोधायचाच तर उतारावर तांबड्या पट्टीच्या लगेच वर बघा. फेब्रुवारीतही तिथे गवत हिरवं असेल तर आशा आहे. लिटरची बाटली धरा. 20 सेकंदांत भरली, तर मिनिटाला 3 लिटर, चौघांचं 12 लिटर चार मिनिटांत. पाच मिनिटं लागली तर तासभर बसावं लागेल, सोडून द्या. पावसानंतर लगेच गढूळ होणारं पाणी रुंद भेगांतून न गाळता येतं, वर गुरं चरतात, तेव्हा उकळल्याशिवाय पिऊ नका. फडक्याने गाळून काही होत नाही.

आणि धार बारीक म्हणून तोंडाशी काठी-पहार घालू नका. गेरूची कड फुटली की पाणी खालच्या भेगेत उतरतं, तो झरा गेलाच.