योकोहामाचा बाजारहाट

माझं जपानी अजून बेताचंच. म्हणूनच बहुधा जुन्या पुस्तकांच्या दुकानात उचललेली ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मला मानवली. कित्येक पानांवर एक शब्द नाही. नुसता रस्ता, गवत, स्कूटर, ढग. नाव 'योकोहामा काइदाशी किको', चित्रकार-लेखक हितोशी आशिनानो. १९९४ ते २००६ अशी बारा वर्षं ती 'आफ्टरनून' मासिकात येत होती. पुस्तकं झाली १४.

गोष्ट म्हणाल तर फारशी नाहीच. समुद्र वर चढलाय, किनाऱ्यावरची शहरं बुडालीत, माणसं थोडीच उरलीत. मिउरा द्वीपकल्पावर आल्फा एकटीच कॅफे सांभाळते. ती रोबो. मालक प्रवासाला गेलाय, परतायचा पत्ता नाही. गिऱ्हाईक आलं तर आलं. पाण्याखाली गेलेल्या रस्त्यांवरचे दिवे संध्याकाळी अजून लागतात, ते ती बघत बसते. ओळखीचा पोरगा बघता बघता मोठा होतो, ही आहे तेवढीच. जगबुडी झालीय, पण कोणी गळा काढत नाही.

या काळाला तिथे 'युनागी'चा काळ म्हणतात. संध्याकाळी खारे वारे थांबतात आणि मतलई सुरू व्हायचे असतात, त्या मधल्या वेळात समुद्र निपचित होतो, ती युनागी. मला शब्दकोश उघडावा लागला नाही. वेंगुर्ल्याला आजी त्याच वेळी अंगणात येऊन म्हणायची, "वारो पडलो गो."

'काइदाशी' मात्र शेजारच्या आजींना विचारावं लागलं. युद्धानंतर रेशन पुरत नसे, तेव्हा शहरातली माणसं खच्चून भरलेल्या गाड्यांतून खेड्यात तांदूळ-रताळी आणायला जात, ती काइदाशी. आल्फाचं उलटं: ती कॉफीच्या बिया आणायला गावाकडून योकोहामाला निघते.

जानेवारीत न राहवून केइक्यू लाइनने मिउरावरच्या मिसाकिगुचीला गेले. शेवटचं स्टेशन, योकोहामाहून तासाभरावर. तिचा कॅफे नसणार हे ठाऊक होतंच, तरी प्रत्येक वळणावर मान वळत होती. (हसा खुशाल.) दोन्हीकडे कोबी आणि मुळ्यांची शेतं, पार समुद्राच्या दिशेने उतरत गेलेली. एका शेताच्या कडेला फळीवर कोबीचे गड्डे मांडलेले, शेजारी पैशाचा डबा, माणूस कोणी नाही. शंभर येनचं नाणं टाकलं, खण्‌कन आवाज आला. बाकी सगळं चिडीचूप.

संध्याकाळच्या गाडीत मांडीवर तो गड्डा घेऊन बसले होते. बाहेरची पानं काढायची राहिली होती, ओटीत माती सांडत होती.