समृद्धीवर हवा कमी करू नका: पुणे ते ताडोबा, सात माणसं आणि एक वाया गेलेला टायर

ज्यासाठी लिहायला बसलोय ते आधीच सांगून टाकतो. "समृद्धी सिमेंटचा आहे, टायर तापतो, आतली हवा फुगते, म्हणून पाच पॉइंट कमी ठेवा" असा जो मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतो, तो साफ चूक आहे. मी तो पाळला. सोबत बायको, दोन पोरं, आईबाबा आणि तो मेसेज पाठवणारा मेव्हणा, असे सात जण गाडीत होतो.

मेचा दुसरा आठवडा. पहाटे साडेचारला पुण्यातून निघालो, नगरला नाश्ता केला. छत्रपती संभाजीनगरजवळच्या माळीवाड्याला समृद्धीवर चढायच्या आधी रस्त्याकडेला टायरवाला दिसला. मेव्हणा म्हणाला, "दाजी, हवा बघून घेऊ." माझीच बुद्धी फिरली. घरून निघताना चारही टायरमध्ये हवा 33 पीएसआय होती (हे हवेच्या दाबाचं माप, एक पीएसआय म्हणजे एक पॉइंट). सव्वादोनशे किलोमीटर पळालेल्या टायरमध्ये ती 38 दाखवत होती आणि ते अगदी बरोबर होतं. टायर चालून तापला की चार-पाच पॉइंट चढतातच, कंपनीनं ते गृहीत धरलेलं असतं. पण 38 बघून तो माणूस म्हणाला, "साहेब, एवढ्या हवेवर समृद्धीवर गेलात तर बॉम्ब होईल. 28 ठेवतो." आणि फुस्स करून काढली.

गरम टायरमधली 28 म्हणजे थंड टायरची 24. किती हवा भरायची ते सांगणारी कंपनीची पट्टी गाडीवर असते, तिच्यावर भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरला 38 लिहिलंय. म्हणजे आम्ही सात माणसं, वर कॅरियरवर बॅगा, आणि मागे 14 पॉइंट हवा कमी. शिवाय निघतानाची माझी 33 हीसुद्धा चूकच होती. ती चार माणसांची हवा होती, सातांची नव्हे.

बरं, तेवढ्यावर भागलं नाही. "मागच्यात खिळा दिसतोय" म्हणून त्यानं चाक काढलं, दुकानामागे नेलं आणि तीन पंक्चर घेऊन परत आला. एकाचे 300, असे 900. वर चार चाकांत नायट्रोजनचे 200. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो हे मला नववीपासून माहीत आहे, तरी दिले. बाबा चहा पीत बसले होते, पोरांना भूक लागली होती, अशा वेळी माणूस भांडत नाही, याच्यावरच या लोकांचं दुकान चालतं. चाक नजरेआड होऊ देऊ नका. साबणाचं पाणी आपल्यासमोर मारायला लावा, बुडबुडा दिसला तरच पंक्चर. बुडबुड्याआधी टोच्या हातात घेतला, तर चाक परत लावायला सांगा आणि निघा. ट्यूबलेसमध्ये खिळा असला तरी तो उपसू नका. हवा हळूहळू जाते, ती भरून घेत पुढच्या बऱ्या दुकानापर्यंत पोचता येतं.

जालना मागे पडलं तेव्हा अकरा वाजले होते. वेग 110. सिंदखेड राजाच्या पुढे मागून गाडी डोलल्यासारखी वाटायला लागली, लेन बदलताना शेपूट उशिरा यायची. मला वाटलं वारा आहे. मग रबराचा वास आला. 1 जुलै 2023 ला याच पट्ट्यात खासगी बस जळून 25 माणसं गेली होती. तिचा टायर फुटला होता की नाही यावर तेव्हा बराच वाद झाला. तो वाद गाडीत सगळ्यांनाच आठवला असणार, कारण कोणी काही बोलेना. ब्रेकला पाय न लावता वेग 60 वर आणला, इंडिकेटर देत अगदी डाव्या कडेला थांबलो. मागच्या डाव्या टायरला हात लावला आणि लगेच मागे घेतला. तवा! बाजूच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा आला होता.

सगळ्यांना रेलिंगपलीकडे उभं केलं. स्टेपनी गाडीखाली लटकवलेली, आणि ती खाली सोडायचा रॉड डिकीच्या तळाशी. म्हणजे आधी सगळ्या बॅगा बाहेर. हा रॉड कुठे आहे आणि कुठल्या भोकात जातो, हे घरच्या पार्किंगमध्ये एकदा करून बघा. मला चाळीस मिनिटं लागली. स्टेपनी उतरली तर तिच्यात हवा 17. दोन वर्षांत तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं, आणि ते 'कुणी' म्हणजे मीच. चाळीसच्या वेगानं मेहकरला उतरलो.

मेहकरचा टायरवाला म्हातारा होता. टायर रिमवरून काढला तर आतून रबराचा काळा चुरा पडला. "हवा कोनं भरली भाऊ?" मी सांगितलं. "भरली नाही, काढली म्हना. अठ्ठावीसवर सात मानसं, आन् वरतं सामान? फुटला नाही हे नशीब." मग त्यानं समजावलं ते असं. हवा वाढल्यानं टायर सहसा फुटत नाही, कमी हवेनं फुटतो. हवा कमी असली की भिंत दर फेरीला दुमडते, दुमडून तापते, तापून आतला धागा सुटतो. समृद्धीवर वळण नाही, सिग्नल नाही, तासन्‌तास एकच वेग, त्यामुळे त्याला निवायला वेळच मिळत नाही. उरलेल्या टायरमध्ये त्यानं गरम असतानाच मागे 42, पुढे 37 भरली, म्हणजे पट्टीपेक्षा चार जास्त. हवेचे पैसे घेतले नाहीत. फक्त टायर काढ-घालीचे घेतले.

ताडोब्यात तीन दिवस होतो, मोहर्ली गेट, वाघ दिसला. छान.

आता जाणाऱ्यांसाठी. पट्टी ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर असते. टायरवर कोरलेला हवेचा आकडा ही त्याची कमाल मर्यादा असते, भरायची हवा नाही. माणसं आणि सामान पूर्ण असेल तर पट्टीवरचा भरलेल्या गाडीचा आकडा घ्या. हवा सकाळी निघण्याआधी, टायर किमान तीन तास उभा असताना बघा. पुण्याची पहाट आणि नागपूरची दुपार यांत वीस डिग्रीचा फरक असतो, त्यानं तीन-चार पॉइंट चढतील. चढू द्या. स्वतःचा गेज घ्या. पंपावरच्या मशीनवर मी आता विश्वास ठेवत नाही, माझ्या गेजशी एकाचा चार पॉइंटांचा फरक आला. पंपावर हवा फुकट असते, तिथला पोरगा दहा रुपये मागतो तो वेगळा हिशेब. सिगारेट लायटरवर चालणारा छोटा पंप 2,400 ला घेतला. आधी घेतला असता तर पंक्चर आणि नायट्रोजनच्या त्या 1,100 मध्ये जवळपास निम्मा वसूल झाला असता.

समृद्धीवर जेवणखाणाची ठिकाणं आणि पंप लांब लांब आहेत. 120 ची परवानगी आहे म्हणून 120 धरू नका. मी येताना 95 वर आलो आणि दर दीड तासानं थांबून टायरला हात लावला. चारही सारखे कोमट असले तर ठीक, एखादाच जास्त तापला असेल तर तिथे हवा कमी आहे असं समजा. बायको याला वेड म्हणते.

नागपुरात मागचे दोन टायर नवे घेतले. फुगा आलेल्या किंवा भिंतीला भोक पडलेल्या टायरची दुरुस्ती होत नाही, कोणी करून देतो म्हणाला तर हात जोडा. दुकानदारानं आधी जो नवा म्हणून दाखवला त्याच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे होते, त्यातले पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. टायर तीन वर्षांचा निघाला. मी बोट ठेवल्यावर तो म्हणाला, "अरे, हा चुकून आला," आणि आतून दुसरा आणला.