कुमानोचे कुंचले

आज हिरोशिमाजवळच्या कुमानोला जाऊन आले. जपानमधले बहुतेक सुलेखनाचे कुंचले याच गावात बनतात. बकरीच्या केसांना भाताच्या तुसाची राख लावून, हरणाच्या कातड्यात गुंडाळून चोळतात. तेलकटपणा गेला की केस शाई धरतात. खरं कसब पुढे. उलटे, टोक तुटलेले केस बोटांना जाणवतात आणि बोथट सुरीने ते वेचून काढतात. टोकाला कात्री लावणं इथे चालतच नाही, केसाचं मूळचं टोकच कागदावर उतरायला हवं. किती केस बाद होतात! कारागीर आजींच्या हातांवरून माझी नजर हलेना.

सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान असतात तेव्हा, इथे कुंचल्यांचा उत्सव असतो. झिजलेले कुंचले कृतज्ञतेने अग्नीला देतात. तेव्हा पुन्हा जाणार आहे. जपानमधल्या मंडळींपैकी कोण येतंय सोबत?