‘मिआवासेरु’ म्हणजे रद्द नव्हे

ग्राहकाच्या जपानी मेलमधलं वाक्य असं होतं: ‘कानागाता नो तेहाइ वा, ओत्ते गोरेन्राकु सुरु मादे मिआवासेते इतादाकिताकु.’ विषय मोल्डच्या (साच्याच्या) ऑर्डरचा. मशीनच्या भाषांतरात ‘ऑर्डर रद्द करावी’ असं आलेलं, आणि आमचा खरेदी विभाग पोलादाच्या पुरवठादाराला तसं कळवायच्या बेतात होता. मेल माझ्याकडे तपासायला आला तो तेवढ्यात.

रद्द करायचं असतं तर ‘च्यूशि’ किंवा ‘क्यान्सेरु’ आलं असतं. पुढे ढकलायचं असतं तर ‘एन्कि’, आणि त्याला बहुधा नवी तारीख जोडलेली असते. वाक्यातल्या ‘मिआवासेते’चं मूळ रूप ‘मिआवासेरु’, म्हणजे परिस्थिती बघून ठरलेली गोष्ट तूर्त न करणं. तारीख नाही, नकारही नाही. ‘ओत्ते गोरेन्राकु सुरु मादे’, म्हणजे आम्ही कळवेपर्यंत, हे शब्द तर सोबतच होते.

जपानात राहिलेल्यांच्या कानात हा शब्द स्टेशनवरच बसतो. अपघात झाला की ‘उन्तेन ओ मिआवासेते इमासु’ अशी घोषणा होते: गाड्या थांबवल्यात, पुन्हा सुरू होतील. आधी ‘काओ’ (चेहरा) आला तर मात्र अर्थ पार वेगळा, एकमेकांच्या तोंडाकडे बघणं. तिकडच्या कांदेपोह्यांचा ‘ओमिआइ’ याच कुळातला.

खरी गोची पुढे आहे. ‘शुस्सेकि ओ मिआवासेरु’ म्हणजे हजर न राहणं, आणि समारंभ काही तुमच्यासाठी थांबत नाही, त्यामुळे तिथे तो सभ्य नकारच ठरतो. नोकरभरतीतही ‘साइयो ओ मिआवासेरु’ वाचून आशा धरू नये. काम नंतर करता येण्यासारखं आहे का, हे बघूनच मराठीत ‘तूर्त थांबवणे’ की ‘न करणे’ ते ठरवावं. एन-वनच्या (जपानी भाषेच्या परीक्षेतली सर्वांत वरची पातळी) तयारीत एका शब्दाला एक अर्थ पाठ करणारे इथेच अडकतात. क्रियापद सकर्मक आहे, म्हणून थांबवलेल्या कामाला कर्म दाखवणारा ‘ओ’ लागतो. आमच्या वाक्यात मोल्डची ऑर्डर हा विषय म्हणून पुढे मांडलेला, त्यामुळे त्याजागी ‘वा’ आला होता.

मोल्ड नंतर बनवता येतो, म्हणून मी ‘तूर्त थांबवा’ असं लिहिलं. पोलादाची ऑर्डर कायम ठेवून मशीनिंग थांबवलं. उत्तरात ‘शोचि इताशिमाशिता’ (समजलं, तसं करतो) लिहून आतापर्यंत झालेलं काम आणि थांबण्याचा खर्च कळवला, आणि ‘साइकाइ नो मेयासु’, म्हणजे पुन्हा कधी सुरू करायचं त्याचा अंदाज, तेवढा विचारला. दुसऱ्या दिवशी कळलं, ड्रॉइंगमधल्या एका बदलाला त्यांच्याकडे मंजुरी मिळायची होती.