वोबर्नची फोनवरची पाहणी: नेमकं काय केलं, कुठे अडलं

पाण्यामुळे मुलं आजारी पडतात असं गाव म्हणतं, तज्ज्ञ ‘पुरावा नाही’ म्हणतात, आणि पाहणी कोणी केली यावरच भांडण होत राहतं. ती कशी केली, हे कुणी विचारत नाही.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्नला ‘जी’ आणि ‘एच’ या दोन विहिरींचं पाणी येई. मे १९७९ मध्ये त्यात अब्जामागे २६७ भाग ट्रायक्लोरोइथिलीन हे कारखान्यांत वापरलं जाणारं रसायन सापडलं आणि विहिरी बंद झाल्या. ज्यांच्या मुलाला १९७२ पासून रक्ताचा कर्करोग होता, त्या अ‍ॅन अँडरसन आधीपासूनच शेजारपाजारच्या आजारी मुलांची माहिती जमवत होत्या. १९८१ च्या सरकारी अभ्यासानं मान्य केलं, की १९६९ ते १९७९ मध्ये मुलांत ५.३ रुग्ण अपेक्षित असताना १२ निघाले. पाण्याशी दुवा मात्र लावता आला नाही. कोणत्या घरात त्या विहिरींचं पाणी किती आलं, हेच हाताशी नव्हतं!

मग हार्वर्ड विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ लगाकोस आणि झेलेन यांनी रहिवाशांसोबत फोनवरून पाहणी केली. दोनशेहून जास्त स्वयंसेवक आधी शिकवून तयार केले. फक्त आजारी घरं न गाठता सगळ्या गावाला तेच प्रश्न विचारले: गर्भपात, अर्भकमृत्यू, जन्मजात व्यंग, मुलांचे आजार. पाणी कुठल्या भागात कधी किती गेलं, याचा हिशेब वेगळा झाला. फोन करणाऱ्यांकडे तो नव्हता. ‘गावकऱ्यांनी हवं ते लिहून घेतलं’ या आक्षेपावर याहून चांगलं उत्तर नाही. समाजशास्त्रज्ञ फिल ब्राउन यांनी याला लोकांचं साथरोगशास्त्र म्हटलं.

खऱ्या उणिवा दुसरीकडे होत्या. कर्करोगाचे रुग्ण अवघे २०; दोन-चार इकडचे तिकडे झाले की आकडा हलतो. वेगवेगळी व्यंगं एकाच गटात घातली, त्यावर टीका झाली आणि ती रास्त होती.

पुढे राज्याच्याच अभ्यासात गर्भारपणी ते पाणी प्यायलेल्या आईच्या मुलांत धोका ८.३३ पट दिसला, पण विश्वासाची मर्यादा ०.७३ ते ९४.६७, म्हणजे खरा आकडा यात कुठेही असू शकतो, आणि १ च्या खाली असेल तर धोका वाढलेलाच नाही. इतक्या छोट्या गावात ती रुंदच राहणार, आणि म्हणून ‘सिद्ध झालं नाही’ म्हणणं सोपं जातं. त्या अभ्यासात पाणी जितकं जास्त तितका धोका जास्त, असा चढ होता. माझ्या मते तो चढ एकट्या आकड्यापेक्षा जास्त बोलतो. तो दिसला, कारण कुठल्या भागात कुठल्या महिन्यात किती पाणी गेलं याचा अंदाज काढला होता. पाहणी करायची असेल, तर आजाऱ्यांच्या यादीआधी पाणीपुरवठ्याच्या जुन्या नोंदी मिळवा आणि कुटुंब त्या घरात कधीपासून कधीपर्यंत राहिलं ते लिहा.