टिंगल, रुपी आणि आत्याचा भाव

गेमच्या नायकाचे नाव ‘टिंगल’ आणि त्याच्या जगातल्या चलनाचे नाव ‘रुपी’, ही गंमत मराठी माणसाइतकी दुसऱ्या कोणाला कळणार नाही. जपानी भाषेत त्याचे नाव ‘चिंकुरू’ असे आहे, म्हणजे निन्टेंडो या जपानी गेम कंपनीच्या मंडळींच्या मनात आपली टिंगल नव्हती हे उघड आहे. तरीही गेल्या पावसाळ्यात, मासेमारी बंद असल्यामुळे मालवणचे बंदर ओस पडलेले असताना, मी ‘फ्रेशली-पिक्ड टिंगल्स रोझी रुपीलँड’ हा निन्टेंडो डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावरचा गेम खेळून संपवला आणि हे नाव त्याला अगदी शोभते असे माझे मत झाले.

टिंगल हे पात्र मूळचे निन्टेंडोच्या ‘झेल्डा’ या साहसी गेमच्या मालिकेतले. २००० साली आलेल्या ‘मेजोराज मास्क’मध्ये तो प्रथम दिसला: ताकाया इमामुरा यांनी रेखाटलेला, अंगाला घट्ट बसणारा हिरवा पोशाख घालून फुग्याला लटकणारा, नकाशे विकणारा आणि स्वतःला परी समजणारा पस्तीस वर्षांचा अविवाहित गृहस्थ. पुढे त्याच मालिकेतल्या ‘द विंड वेकर’मध्ये समुद्रतळाच्या खजिन्याचे नकाशे वाचून देण्यासाठी तो एका नकाशामागे ३९८ रुपी घेऊ लागला. नकाशे आठ होते, म्हणजे एकूण ३,१८४ रुपी झाले, आणि ते जमवता जमवता खेळाडू मेटाकुटीला येत. २०१३ च्या नव्या आवृत्तीत असे नकाशे तीनच ठेवले गेले, यावरून त्या वसुलीचा जाच किती होता याची कल्पना यावी.

अशा लोभी पात्राला नायक करायचे तर त्याचा लोभ लपवावा, असे कोणालाही वाटले असते. व्हॅनपूल या जपानी कंपनीने नेमके उलट केले आणि गेमची सगळी यंत्रणाच त्या लोभावर उभारली. आळसात दिवस काढणाऱ्या एका पस्तीस वर्षांच्या माणसाला तळ्यातून ‘अंकल रुपी’ दर्शन देतात, त्याला टिंगल बनवतात आणि सुखाच्या रुपीलँडचे आमिष दाखवतात. तिथे पोहोचण्यासाठी त्याने तळ्यात रुपी ओतत राहायचे. जितके ओतावे तितका तिथला मनोरा आभाळाकडे वाढत जातो. झेल्डामध्ये प्राण हृदयाच्या चिन्हांनी मोजतात, इथे मात्र शिल्लक रक्कम हाच प्राण आहे आणि खिसा रिकामा झाला की टिंगल मरतो. लढाई म्हणजे धुळीच्या लोटात चाललेली झोंबाझोंबी, आणि तिच्यातही रुपी भराभर गळत राहतात, म्हणून पदरमोड करून अंगरक्षक ठेवावे लागतात. शौर्याला इथे फारशी किंमत नाही, आणि मला ते आवडले.

खरी मौज मात्र घासाघिशीत आहे. एखाद्याकडून माहिती हवी असली, वस्तू हवी असली किंवा वाट मोकळी करून हवी असली, की तो गप्प उभा राहतो आणि आकडा आपण टाकायचा असतो. जास्त दिले तर ते गेलेच. कमी दिले तर समोरचा तेही खिशात घालतो आणि आणखी मागतो. उत्तर चुकले की निर्मात्यांनी खेळाडूला दंड करावा हे नेहमीचेच आहे, पण येथे बरोबर उत्तर कोणते हे कळण्याचा मार्गच बंद आहे, आणि तोटा प्राणातून वजा होतो. पहिल्या तासाभरात मी इतका लुबाडला गेलो की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आपण काढलेला नकाशा किंवा शिजवलेला पदार्थ विकतानाही हीच कसरत करावी लागते. काही समीक्षकांना हा प्रकार त्रासदायक वाटला, आणि लांबच्या लांब गेममध्ये तो पुढे पुढे रटाळ होतो हे मलाही मान्य आहे.

गेम जपानमध्ये सप्टेंबर २००६ मध्ये आणि युरोपात सप्टेंबर २००७ मध्ये आला. अमेरिकेत तो कधीच प्रसिद्ध झाला नाही. डीएसच्या कार्ट्रिजला प्रदेशाचे बंधन नसल्यामुळे युरोपातली जुनी प्रत माझ्या यंत्रावर विनातक्रार चालली. २००९ मध्ये त्याचा पुढचा भाग केवळ जपानपुरता निघाला, आणि २०२३ मध्ये व्हॅनपूल बंद झाली.

मला हा खेळ परका वाटला नाही, त्याचे कारण माझी आत्या आहे. ती मालवणच्या बाजारात मासे विकते. पर्यटकांना ती बांगड्याच्या वाट्याचा भाव लगेच सांगते, परंतु चांगली सुरमई हाती असली आणि गिऱ्हाईक नवखे दिसले, की ती फक्त म्हणते, “काय देतलस तां सांग.” पुढे कोण फसणार हे तिथेच ठरते. व्हॅनपूलने कोणाला पाहून ही पद्धत बेतली कोण जाणे, पण रुपीलँडच्या वाटेवरचा प्रत्येक माणूस आत्याच्याच जागी बसलेला आहे.

म्हणून पावसाळ्यातल्या एका दुपारी मी यंत्र तिच्या हातात दिले. पडद्यावरच्या दुकानदाराने आकडा मागितला. तिने पेन उचलले, त्याच्याकडे पाहिले आणि काहीही न लिहिता स्वस्थ बसून राहिली. पाच मिनिटे झाली तरी दोघांपैकी कोणीच हलेना. शेवटी ती वैतागून मला म्हणाली, “ह्यो कायच बोलना नाय रे!” आणि यंत्र माझ्या हातात ठेवून मीठ घातलेले बांगडे बघायला आत निघून गेली.