सोळाशे चार रुपये ऐंशी पैसे

बिल टेबलावर आलं तेव्हा रात्रीचे दहा पंचवीस झाले होते. आम्ही तिथून उठलो सव्वाअकराला. बिलातला सर्व्हिस चार्ज काढून घेण्यात गेलेल्या मधल्या पन्नास मिनिटांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

प्रसंग आनंदाचा होता. आई-बाबांच्या लग्नाला डिसेंबर 2025 मध्ये चाळीस वर्षं झाली. बाबांनी बेस्टमध्ये बत्तीस वर्षं कंडक्टरकी केली. ज्या पंचतारांकित हॉटेलांवरून त्यांची बस रोज जायची, त्यातल्या एकाच्याही दारातून ते कधी आत गेले नव्हते. मी आणि धाकट्या भावाने ठरवलं, या वेळी हॉल नको, केटरर नको, चौघांनीच जायचं आणि निवांत बसून जेवायचं. विमानतळाच्या बाजूचं एक मोठं हॉटेल निवडलं, त्यातलं उत्तर भारतीय जेवणाचं रेस्टॉरंट. टेबल फोनवर लगेच मिळालं. कपड्यांचं काही आहे का तेही तेव्हाच विचारून घेतलं, कारण बाबा बूट घालत नाहीत. पट्ट्यांच्या चपला चालतील म्हणाले. तुमच्याकडे कुणी वडीलधारं असेल तर हे आधीच विचारा, दारात विचारायची वेळ येऊ देऊ नका. आणि आठचं टेबल असेल तर पावणेआठलाच फाटकाशी पोचा. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत गाडीखाली आरसा फिरवतात, डिकी उघडतात, पर्स मशीनमधून जाते, त्यात वेळ जातो.

जेवण फार सुंदर होतं, आणि ते मोकळ्या मनाने सांगायलाच हवं. एका बाजूला काचेची भिंत, तिच्यापलीकडे तंदूर. दोन सळया घेऊन एक माणूस नान बाहेर ओढत होता. एका सळईने कड सोडवायची, दुसरीच्या आकड्यात अडकवून वर घ्यायचं. आई जागेवरून उठून काचेपाशी जाऊन उभी राहिली. मग आम्हाला गळ्यात बांधायला चौकड्यांचे ॲप्रन दिले. हाताने खायचं आणि कपडे सांभाळायला ॲप्रन, ही दिल्लीच्या बुखारा रेस्टॉरंटची ओळख, आणि आता बऱ्याच ठिकाणी दिसते. बाबांना काटा-चमच्याची धास्ती होती, ती तिथेच संपली.

बाबांना कवळी आहे. त्यामुळे कबाब त्यांना जमतील का ही मला काळजी होती. आम्हाला वाढणारा मुलगा गढवालकडचा, विशी-बाविशीचा. त्याने आपणहून सांगितलं, "अंकलजी के लिए गलौटी ले लीजिए, दाँत लगाने ही नहीं पड़ेंगे." लखनौच्या दात पडलेल्या एका नवाबासाठी हा कबाब तयार झाला असं सांगतात. खिमा अगदी गंधासारखा वाटतात, मऊ होण्यासाठी त्यात कच्ची पपई घालतात. त्या मुलाने पराठ्याचा छोटा तुकडा तोडून त्यावर कबाब कसा पसरायचा ते बाबांना दाखवलं. दुसऱ्या तुकड्यापासून बाबांनी स्वतःच घेतलं, आणि चारपैकी तीन कबाब त्यांनी एकट्याने संपवले.

आईचं लक्ष डाळीवर. तिचं माहेर कराडकडचं, उडदाचं घुटं खाऊन मोठी झालेली. काळी डाळ आल्यावर तिने चमचाभर घेतली आणि चमचा उभा धरला. डाळ खाली ओघळली नाही, चमच्याला धरून राहिली. अख्खे उडीद, टोमॅटो, लोणी, आणि रात्रभर तंदूरच्या निखाऱ्यांवरची मंद आच, असं त्या मुलाने सांगितलं. आई म्हणाली, "घुटं आपण तासाभरात उतरवतो. यांनी त्याला रात्रभर झोपू दिलंय." एवढं नेमकं वर्णन मला कुठल्याही मेनूकार्डात सापडलेलं नाही.

(चौघांत एकच डाळ मागवा. आम्ही दोन मागवायला निघालो होतो, त्याच मुलाने थांबवलं. ती इतकी जड असते की एकच पुरून उरते.)

आता बिल.

चामड्याच्या फोल्डरमधून आलं. भावाने कार्ड काढलंही होतं. मी सवयीने वरून खाली नजर फिरवली. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासणं हेच माझं ऑफिसातलं काम आहे. खाण्यापिण्याचे 13,600. त्याखाली बारीक अक्षरात "एससी 10%", म्हणजे सर्व्हिस चार्ज, 1,360. दोन्हींची बेरीज 14,960, आणि त्या बेरजेवर 18 टक्के जीएसटी. एकूण 17,652 रुपये 80 पैसे.

जीएसटीबद्दल तक्रार नाही. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं रात्रीला 7,500 रुपयांच्या वर असतं, तिथल्या रेस्टॉरंटला 18 टक्केच लागतो. आपल्या नाक्यावरच्या हॉटेलात 5 लागतो, म्हणून इथे तो डोळ्यांत भरतो एवढंच. मेनूकार्डातले भाव कराशिवायचे असतात, तेव्हा मागवतानाच मनात साधारण पाचवा हिस्सा वाढवून धरा.

पण सर्व्हिस चार्ज हा कर नाही. तो सरकारकडे जात नाही, तो हॉटेलने स्वतः लावलेला आकार आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला स्पष्ट सांगितलं की कुठल्याही हॉटेलने किंवा रेस्टॉरंटने तो बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचा नाही, सक्ती करायची नाही, आणि खाण्याच्या बिलात मिळवून त्या बेरजेवर जीएसटी तर मुळीच घ्यायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, आणि पुढची अडीच वर्षं सगळं लोंबकळलं. शेवटी 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि ही मार्गदर्शक तत्त्वं कायम केली. हे मला माहीत होतं, कारण तो निकाल आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचला होता.

म्हणून मी शांतपणे म्हटलं, हा चार्ज काढून बिल परत आणा.

तो मुलगा गोंधळला. "मॅडम, वो तो सिस्टम से आता है." त्याने कॅप्टनला, म्हणजे वाढणाऱ्यांच्या मुख्याला, बोलावलं. कॅप्टन म्हणाला, कंपल्सरी आहे. मी म्हटलं, नाही. तो आत गेला आणि मेनूकार्ड घेऊन आला. शेवटच्या पानावर तळाशी एक ओळ होती, आम्ही 10 टक्के सर्व्हिस चार्ज आकारतो म्हणून. मी म्हटलं, तुम्ही छापलं म्हणून तो सक्तीचा होत नाही, द्यायचा की नाही हे मी ठरवायचं असतं. तो पुन्हा आत गेला. दहा मिनिटं कुणी आलंच नाही.

या दहा मिनिटांत बाबा अस्वस्थ झाले. पाणी प्यायले, ॲप्रनची घडी घातली, ती मोडून पुन्हा घातली. "जाऊ दे गं. आपण काय रोज येणार आहोत?" आई काही बोलली नाही, पण पर्स मांडीवर घेऊन बसली. बाजूच्या टेबलावरचे लोक बघत होते. अशा वेळी माणूस पैसे भरून टाकतो ते पैशासाठी नाही, तर आपल्या माणसांची मान खाली जाऊ नये म्हणून. आणि हा चार्ज नेमका याच भिडेवर वसूल होतो, असं माझं ठाम मत झालंय.

कॅप्टन परत आला तो नवं कारण घेऊन. बिल छापून झालंय, आता ते उघडता येत नाही, रात्रीचा हिशेब सुरू झालाय. मी म्हटलं, पैसे अजून भरलेले नाहीत, म्हणजे बिल बदलता येतं. मग म्हणाला, तुम्हाला एक डेझर्ट आमच्यातर्फे देतो. मी नको म्हटलं. मग म्हणाला, हा पैसा स्टाफलाच मिळतो, तुम्हाला सर्व्हिस आवडली नाही का?

इथे माझा आवाज चढला, आणि तो चढला तेव्हा समोर कॅप्टनच्या मागे तो गढवालचा मुलगा मान खाली घालून उभा होता. ते मला अजून लागून राहिलंय. त्याचा काडीचा दोष नव्हता. उलट त्याच्याचमुळे बाबा पोटभर जेवले होते. तुम्हाला बोलायची वेळ आलीच तर वाढणाऱ्याशी बोलू नका, कॅप्टनशीही वाद घालत बसू नका. सरळ ड्यूटी मॅनेजरला बोलवा म्हणून सांगा आणि तो येईपर्यंत गप्प बसा. मी हे पस्तिसाव्या मिनिटाला केलं, पहिल्याच मिनिटाला करायला हवं होतं.

मधल्या वेळात मी 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर काढून ठेवला होता. तो सकाळी आठ ते रात्री आठच चालतो, म्हणजे जेवणाचं बिल यायच्या वेळी बंद. पण हेल्पलाइनच्या ॲपवर तक्रार कधीही टाकता येते. मी बिलाचा फोटो काढला आणि तक्रारीचा फॉर्म उघडून मोबाइल टेबलावर ठेवला.

बाबांचं बोलणं थांबलं होतं. त्यांनी बिल स्वतःकडे ओढलं, चष्मा लावला आणि तर्जनी ओळीखाली धरून वाचायला लागले. कंडक्टर असताना डेपोत रोज रात्री वेबिल (तिकिटांच्या हिशेबाचा कागद) आणि कॅश जुळवायची, एक रुपया कमी पडला तरी पदरचा भरायचा, अशी बत्तीस वर्षं काढलेला माणूस. वाचता वाचता त्यांचं बोट थांबलं. "अगं, यांनी 1,360 वर पण टॅक्स लावलाय. म्हणजे तेराशे साठ नाही, वरती दोनशे चव्वेचाळीस रुपये ऐंशी पैसे आणखी. सोळाशे चार ऐंशी." तोंडी हिशेब, कागद नाही, मोबाइल नाही. मग चष्मा काढून म्हणाले, "थांब. घाई नाही आपल्याला."

त्या एका वाक्याने माझ्या अंगात बळ आलं.

मॅनेजर आले ते सव्वा तास थांबायला लागणार असं मी धरून चालले होते तेवढ्यात. सुटाबुटातले, सौम्य बोलणारे गृहस्थ. टेबलावरचा मोबाइल त्यांनी पाहिला. मी तीनच वाक्यं बोलले: हा चार्ज ऐच्छिक आहे, तो काढून टाका, आणि जीएसटी 13,600 वरच लावा. ते म्हणाले, "शुअर मॅडम, सॉरी फॉर द डिले." चार मिनिटांत नवं बिल आलं. 13,600, त्यावर 1,224 आणि 1,224 असे केंद्राचा आणि राज्याचा दोन्ही जीएसटी, एकूण 16,048. न होणारं, न उघडणारं, सिस्टिममध्ये घट्ट बसलेलं बिल चार मिनिटांत बदललं. मग आधीचा एवढा वेळ कशासाठी, याचं उत्तर कुणी दिलं नाही.

पुन्हा कधी गेले तर ऑर्डर देतानाच सांगणार आहे, सर्व्हिस चार्ज लावू नका म्हणून. तेव्हा सांगितलं तर कुणालाच बिल उघडावं लागत नाही, आणि म्हातारी माणसं शेवटी ताटकळत नाहीत. आणि पाणी मागताना साधं पाणी असं स्पष्ट म्हणा. आम्ही नुसतं "पाणी" म्हटलं, तर पाण्याच्या दोन काचेच्या बाटल्या उघडल्या गेल्या आणि 800 रुपये लागले. ते मात्र आम्ही मुकाट्याने भरले, कारण प्यायलो होतो.

कार्डाने पैसे भरल्यावर मी त्या मुलाला बाजूला बोलावलं, माझा आवाज चढला त्याबद्दल माफी मागितली आणि त्याच्या हातात आठशे रुपये रोख दिले. तो नको नको म्हणत होता. मी म्हटलं, हे तुझे आहेत, कुणात वाटायचे नाहीत.

पोर्चमध्ये टॅक्सीची वाट बघत उभे होतो. थंडी होती, आईने पदर खांद्यावरून ओढून घेतला होता. बाबांनी विचारलं, "त्या मुलाला किती दिलेस?"

"आठशे."

"सोळाशे वाचले, त्यातले आठशेच?" एवढं बोलून त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात हात घातला. शंभराच्या दोन नोटा, लांबट उभ्या घडीच्या, जशा ते बसमध्ये बोटांच्या बेचक्यात धरायचे तशा. ते वळले आणि त्या झगमगत्या दारातून, मशीनमधून, पुन्हा आत गेले. टॅक्सी आली तेव्हा भाऊ ड्रायव्हरला म्हणाला, दोन मिनिटं थांबा, बाबा येतायत.